कीपरच्या गालातली खांड

ह्यांचे डोळे पांढरे झाले होते आणि लोक तोंडात पाणी ओतत होते. परंड्याच्या किल्ल्याजवळच्या माळावर कुर्डुवाडीच्या संघाशी क्रिकेटचा सामना चालला होता. माझे मालक स्टंपांमागं कीपर. चेंडू उसळून छातीवर बसला आणि हे गुडघ्यावर आले.

"काळजाला लागला!" जो तो हेच ओरडत होता.

मी बायकांत बाभळीखाली बसले होते. मला आठवली सुपारी. खेळताना हे गालात सुपारीची खांड धरायचे, नाहीतर म्हणे तोंड वाळायचं. त्या सकाळी घाई होती. मी अडकित्त्याचा एकच घाव घातला आणि अर्धी सुपारी हातावर ठेवली होती.

ह्यांना सगळा तालुका ओळखायचा. हे गवंड्याकडं कामाला. परांचीवर उभं राहून खालून फेकलेल्या विटा झेलायचे, तेही बोलता बोलता. निजामी गेल्यावर गावात नवी शाळा बांधली, तेव्हा मास्तरांनी ते पाहिलं आणि ह्यांना माळावर नेलं. खेळाचे नियम ह्यांना शेवटपर्यंत नीट कळले नाहीत, पण मागं आलेला चेंडू हातातच राहायचा. हातमोजे मोटा शिवणाऱ्यानं जुन्या मोटेच्या चामड्याचे करून दिले होते. भिजले की वासानं घरात बसवत नसे. लोक म्हणायचे, ह्यांच्या हातून चेंडू सुटलेला कुणी बघितला नाही. मी बघितलाय, दोनदा.

तर मी उठले आणि गर्दीत घुसले.

"पाणी नका पाजू! सुपारी अडकलीय. पालथं करा त्यांना."

कुणी हललं नाही. एकजण म्हणाला, "वैनी, तुमी लांब व्हा." सासरे समोरच उभे होते. त्यांच्यापुढं मी कधी ह्यांच्याशी बोललेसुद्धा नव्हते.

"सूनबाई, चारचौघांत हे काय?"

"मामंजी, मागनं बोला," मी म्हणाले. पदर खोचला, ह्यांची मान खाली दाबली आणि दोन खांद्यांच्या मधे हाणलं. रोज जात्यावर दळणारा हात होता. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्याला खांड बाहेर उडाली आणि हे खोकायला लागले.

कुर्डुवाडीचा कप्तान म्हणाला, "कीपर ऱ्हाऊ द्या तुमचा. वैनींना आमच्याकडून बोलिंगला द्या!"

सासरेसुद्धा हसले, तोंड फिरवून.

ह्यांना श्वास घेता आला तसं पहिलं वाक्य बोलले, "लई जोरात मारलंस."

"मग हळू मारून बघू का आता?"

हे परत स्टंपांमागं जाऊन उभे राहिले. गुडघे बोलायला लागेपर्यंत आणखी बरीच वर्षं खेळले. मी खांड बारीक कातरायला लागले, एवढाच फरक. पुढं सासरे गेले, मास्तर गेले. हे नातवाच्या लग्नात जेवून उठेपर्यंत जगले.