न सांडलेले पाणी

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. वर्गात मुलांना शास्त्र शिकवणाऱ्या माणसाने असे काही लिहावे, याचा मलाच संकोच वाटतो. तरीही लिहितो, कारण यात माझा एक अपराध आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. चिंचपोकळी स्टेशनमागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या टोकाची खोली आम्ही घेतली. घेण्यापूर्वी मी सगळी चौकशी केली — ऊन किती येते, स्टेशन किती लांब, शेजाऱ्यांची आडनावे काय. नळ खाली अंगणात, हेही पाहिले होते; पण पाणी भरायचे ते माझ्या पत्नीने, सुमतीने. तिला दमा होता. बायकांच्या रांगेत उभे राहणे मला कमीपणाचे वाटे.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात पाण्याने भरलेली पितळी कळशी. पोचा आलेली, काठावर ठोकलेले नाव — यशोदा. या नावाचे कोणी मला ठाऊक नव्हते. सुमती म्हणाली, "कोणी का असेना, देवमाणूस आहे." ती पाणी ओतून घेई आणि कळशी बाहेर ठेवी, दुसऱ्या सकाळी ती पुन्हा भरलेली. पंधरा दिवस असेच.

मला मात्र संशय आला. शेजारी सखूबाई राहत — नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले कुटुंब. माझ्या मनाने सरळ तिकडेच बोट दाखवले. एका सकाळी दार किलकिले करून बसलो. समोर रिकामी कळशी. सुमतीला खोकल्याची उबळ आली, मी क्षणभर मान वळवली... पुन्हा पाहतो तो कळशी काठोकाठ. आणि व्हरांडा कोरडा ठणठणीत. दोन जिने पाणी चढवले तर थेंबांची वाट उमटतेच, पण तेवढा विचार मी केला नाही.

"सखूबाई, तुमचे पाणी आमच्याकडे चालत नाही," असे म्हणून मी चारचौघांदेखत कळशी मोरीत उपडी केली.

सखूबाई बाहेर आल्या. पदराखालून उजवा हात पुढे केला. कोपरापर्यंत प्लास्टर.

"गिरणीत सांच्यात घावला, मास्तर. म्हैना झाला, माझंच पाणी सून भरतीया. काल सभेत तुमीच वरडत हुता न्हवं, मराठी मानूस समदा येक?"

कोणीतरी हसले. पलीकडच्या बिऱ्हाडातले म्हातारे दाजी कळशीवरचे नाव वाचून पुढे आले.

"मास्तरांनू, ही यशोदा तुमच्याच खोलयेत ऱ्हवत होती. चाळीत कोणय आजारी पडला, तर तेच्या दारात पाणी हिचाच. दोन वर्सां झाली तिका मरान. भांडी भावान गावाक नेली, ही कळशी सुद्दा... मीच बांधून दिलंय."

दुसऱ्या दिवशी दारात कळशी नव्हती. ती नेताना कोणी पाहिले नाही. सुमती हंडा घेऊन निघाली आणि पहिला जिना उतरतानाच धाप लागून खाली बसली. मी तिच्या हातून हंडा घेतला. नळावर सखूबाईंच्या सुनेने रांगेतला आपला नंबर मला दिला. वर येऊन मी सखूबाईंची क्षमा मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, "बाईस्नी जपा."

नव्या वस्तीत बिऱ्हाड करताना काय विचारून घ्यावे, हे मला तेव्हा फार कळते असे वाटे. त्या खोलीत आधी कोण राहून गेले, एवढेच विचारायचे राहिले.

आजही पाणी मीच आणतो. कितीही जपून चढलो तरी नळापासून उंबऱ्यापर्यंत थेंब सांडतात. मागे वळून मी ते रोज पाहतो. त्या सकाळची कोरडी फरशी मला अजून उलगडलेली नाही.