भोंग्यावरचा भाव

तामलवाडीत आमच्या शेजारचे चाचा सोलापूरच्या गिरणीत जन्म काढून आलेले. त्या गिरणीचे थोडे शेअर त्यांच्याकडं होते, माझ्याकडंही. मी पेपरातला भाव वाचून कापूस, मागणी, मंदी समजावायचो. चाचा मात्र पहाटे वाऱ्यावर येणाऱ्या गिरणीच्या भोंग्यावरून भाव सांगायचे. “मास्तर, आज दमात वाजला. चढंल.” मला चीड यायची.

पुढं गिरणीला कुलूप लागलं, भोंगाही बंद पडला. पेपरात भावाच्या जागी नुसती रेघ येऊ लागली. तरी चाचा रोज विचारायचे, “आज भोंगा ऐकला न्हाय?” शेवटी मी त्यांच्यावर खेकसलो.

चाचा गेले त्या हिवाळ्यात एका पहाटे सोलापूरकडचा वारा सुटला. बायकोनं विचारलं, “असे उठून का बसलात?”

भोंगा दमात वाजत होता.