पोट पुसताना हाताला लागलेले ठोके

"साळवेबाबा, श्वास धरा. हलू नका."

मी संभाजीनगरच्या हॉस्पिटलमधून माइकवर बोलत होते. बाबा शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या दवाखान्यात टेबलावर पडले होते. मी रेडिऑलॉजिस्ट. तिकडं आमचा रोबोट आहे आणि शबाना सिस्टर. सोनोग्राफीत पोटावर जी दांडी फिरवतात, तिला प्रोब म्हणतात. माझ्या हातात नकली प्रोब असतो. मी तो जसा फिरवते, तसा रोबोटचा हात तिकडं खरा प्रोब फिरवतो. चित्र माझ्या स्क्रीनवर येतं.

बाबा सत्तरीचे, बिडी ओढणारे. सकाळपासून पाठीत आणि डाव्या कुशीत कळा येत होत्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं: मुतखडा?

"जलमभर टुरिस्ट लोकायला खडे इकले," बाबा कण्हत म्हणाले. "आता पोटातच खडा निघाला व्हय?"

लेण्यांपाशी त्यांचं स्फटिकांचं दुकान होतं.

दोन्ही किडन्या बघितल्या. खडा नाही, सूज नाही. मी प्रोब उचलला आणि रिपोर्ट टाइप करायला घेतला. 'नॉर्मल.' बाहेर अजून पाच पेशंट होते. तिकडं सिस्टर बाबांच्या पोटावरची जेल पुसत होती.

"मॅडम, बंद नका करू. बाबांचं पोट उडतंय."

"श्वासानं हलत असेल."

"नाय मॅडम. नाडीसारखं. माझ्या हाताला ठोके लागतायत."

मी हातातलं काम सोडलं. प्रोब बेंबीच्या वर ठेवला. नुसता पांढरा धूर. आतड्यात गॅस असला की असंच दिसतं. एरवी मी प्रोब दाबून गॅस बाजूला सारते. पण मनात जी शंका आली होती, ती खरी असेल तर तिथं दाबायची माझी हिंमत नव्हती. सिस्टरला म्हटलं, बाबांना अलगद कुशीवर करा. रोबोटचा दाब आणखी कमी केला आणि बरगडीखालून बघितलं.

महाधमनी दिसली. हृदयातून पोटात उतरणारी रक्ताची मुख्य नळी. ती साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. बाबांची सात भरली. फुग्यासारखी. असा फुगा दुखायला लागला की तो फुटायच्या बेतात आहे असंच धरून चालायचं.

"बाबा, आता उठायचं नाही. लघवीलासुद्धा नाही."

"अन् दुकान? कुलूप बी नाय लावलं."

"मी लावायला सांगते," सिस्टर म्हणाली. "तुम्ही गप पडा."

ॲम्ब्युलन्स बोलावली आणि आमच्या सर्जनना फोन करून फुग्याचं सांगितलं.

"सर, थिएटर मोकळं ठेवा."

"रोबोटवर बघून? आधी सीटी स्कॅन करू."

"सीटी कराच. पण पेशंट रस्त्यात आहे तोवर तयारी करा."

"आणि चुकलीस तर?"

"तर ओरडा माझ्यावर."

ते अडीच तास मी बाकीचे पेशंट तपासले. प्रत्येकाचं पोट दोनदा बघितलं.

सीटीत नळीबाहेर रक्त झिरपताना दिसलं. बाबांना तिथूनच थिएटरमध्ये नेलं. फुगलेल्या भागात कृत्रिम नळी बसवली. दोन आठवड्यांनी ते घरी गेले. सर्जन माझ्यावर ओरडले नाहीत. शाबासकीही दिली नाही.

रोबोटनं चूक केली नव्हती. मी किडनी दाखव म्हटलं, त्यानं किडनी दाखवली. पुढचं विचारायचं मी विसरले होते. आता स्कॅनच्या आधी सिस्टर पेशंटच्या पोटावर हात ठेवते आणि काय लागलं ते मला सांगते. त्यात एक मिनिट जातं.