तांब्याच्या अकरा कळश्या

माझ्या नवऱ्याचा टँक माझ्या सासूबाईंच्या हातून मेला. मी त्यांना हे कधीच सांगितलं नाही.

आज पहाटे त्या गेल्या. आता कुणाला लागणार नाही, म्हणून लिहिते.

अविनाश, माझा नवरा, अंबडला एका कंपनीत मशीनवर होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याने पंचवटीतल्या आमच्या हॉलमध्ये समुद्र आणला. चार फुटी टँक, खारं पाणी, थोडे मासे, गोगलगायी, मुंबईहून आणलेली जिवंत कोरल्स, म्हणजे प्रवाळ, आणि एक मोठा शिंपला.

(असं घरात ठेवायला बंदी आहे हे आम्हाला फार नंतर कळलं. बंदी आहे ते बरंच आहे.)

दुकानदार नाव सांगायचा नाही. "निळा घ्या, हिरवा घ्या" एवढंच.
आणि नाव कळलं नाही तर त्या जिवाला उजेड किती लागतो, प्रवाह किती लागतो, काहीच कळत नाही. तो मरतो.

अविनाशने फूटपाथवरून एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं. माझं शिक्षण दहावी, तेही मराठीतून. डिक्शनरी घेऊन बसले. एकेका पानाला आठवडा लागायचा.

चित्रं तो बघायचा, मजकूर मी वाचायचे.
नाव आधी वहीत पेन्सिलीने. दोघांची खात्री पटली की पेनाने.

शिंपल्याच्या जातीवरून मात्र भांडण होतं. तो म्हणायचा क्रोशिया, मी म्हणायचे मॅक्सिमा.

"कवचावरचे पापुद्रे बघ, खालपर्यंत आहेत. क्रोशियाचे घासून गेलेले असतात, असं लिहिलंय."
"दहावीला सायन्सला किती होते तुला?"
"तुझ्यापेक्षा जास्त."
"खालचं भोक बघितल्याशिवाय मी मानणार नाही, सुमन."

दोन्ही जातींचं भोक वेगळं असतं, पण ते बघायचं तर शिंपला दगडावरून उपटावा लागतो. उपटला की त्याचे दगडाला धरणारे तंतू तुटतात आणि तो बहुतेक जगत नाही.
म्हणून ते नाव पेन्सिलीतच राहिलं.

आईंची, म्हणजे सासूबाईंची, नावं वेगळी. एका कोरलला अक्रोड, एकाला कोबी, बारीक गोल होती त्यांना बटणं. टँकला हात लावायला अविनाशने सगळ्यांनाच बंदी केलेली.

"माझ्या देवापेक्षा तुझ्या दगडांचं सोवळं कडक रे, अवि."
"हो आई. लांबूनच नमस्कार कर."

का हात लावायचा नाही, हे त्याने कधी सांगितलं नाही. मीही नाही.

टँकमधलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज सकाळी थोडं साधं पाणी वरून घालायचं. अविनाश प्लास्टिकच्या कॅनमधलं घालायचा. आई देवघरातून बघत असायच्या.

एका सोमवारी तो डबा घेऊन कामावर गेला आणि कंपनीतच कोसळला. अडतीस वर्षांचा होता.

पुढचे बारा दिवस मी आतल्या खोलीत होते. बायका येत होत्या, जात होत्या. टँक मला आठवलासुद्धा नाही.

तेराव्या दिवशी बाहेर आले.

मासे नेहमीसारखे फिरत होते. कोरल्स पांढरी पडून गळत होती. गोगलगायी तळाला उलट्या पडल्या होत्या.

जिवंत शिंपल्यावर सावली पडली की तो दचकून मिटतो. मी वरून हात फिरवला.
तो उघडाच राहिला.
पुन्हा फिरवला.

मागून आई म्हणाल्या, "पाणी कमी व्हायला लागलं होतं गं. मी रोज एक कळशी घातली. नळाचं नाही हो, रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं, देवाला ठेवतात तसं. कळशी चिंचेने लख्ख घासून घेत होते."

पुस्तकातलं ते पान मी वाचलं होतं. तांबं माशांना थोडंफार सोसतं. कोरलना, गोगलगायींना, शिंपल्यांना सोसत नाही. मासे जिवंत आणि बाकी सगळं मेलेलं दिसलं तर आधी तांब्याचा संशय घ्या, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

मी वळून बघितलं. मुलगा जाऊन बारा दिवस झालेली बाई. हाताला चिंचेचा वास.
मी म्हटलं, "बरं केलंत."

शिंपला रिकामा झाल्यावर उलटा करून पाहिला. खालचं भोक पाहिलं, पुस्तक पाहिलं. मॅक्सिमाच होता. माझं बरोबर होतं आणि ते ऐकायला घरात कोणी नव्हतं.

मला वाटलं होतं, आई असं समजतील की टँकमधले जीव अविनाशच्या मागोमाग गेले. तसं नाही झालं.

"दहाव्याला घरात माणसं होती ना," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पाणी घालायचं राहिलं माझं. एक दिवस चुकला, तेवढ्यात सगळं गेलं."

"एका दिवसाने काही होत नाही, आई."
"तू आत होतीस. तुला काय माहीत."

वर्षानुवर्षं हेच. दर श्राद्धाला, ताट वाढताना, हेच.

खरं सांगितलं असतं तर तो एक दिवस त्यांच्या डोक्यावरून उतरला असता आणि बाकीचे अकरा चढले असते. मी दरवेळी हा हिशेब केला आणि दरवेळी गप्प बसले. बरोबर केलं की चूक, मला आजही माहीत नाही. अपराधी वाटण्यापासून मी त्यांना वाचवू शकले नाही, एवढं माहीत आहे.

गेल्या आठवड्यात मी त्यांना चमच्याने पेज भरवत होते. मध्येच तोंड मिटून म्हणाल्या, "अवि विचारेल मला, पाणी का नाही घातलंस."

"घातलंत हो तुम्ही. रोज घातलंत."
"एक दिवस नाही."

त्यानंतर त्या फारसं बोलल्या नाहीत.

आई, तिकडे कोणी काही विचारणार नाही. कारण तिकडे कोणी भेटतं यावर माझा विश्वास नाही. असता तर निदान आज तरी बरं वाटलं असतं.

तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.

तुमची सून,
सुमन