घोट्याच्या वर चार बोटं

मला सातवा लागला आणि माझी कंबर गेली. गेली म्हणजे अगदी कामातून गेली. कुशीवर वळायचं तर आधी नवऱ्याला हाक मारायची, मग उशी घट्ट धरायची, मग देवाचं नाव घ्यायचं, आणि एवढं करूनही तोंडातून जे निघायचं ते देवाने ऐकण्यासारखं नसायचं. माणिकपूरच्या एका शाळेत मी पाचवीला गणित शिकवते. फळ्याकडून वर्गाकडे वळले की माकडहाडापासून मांडीपर्यंत अशी कळ जायची, की पोरं भागाकार सोडून माझ्याकडेच बघत बसायची. "टीचर, बसा ना," म्हणायची. बसले तर मला उठवणार कोण, तुमचे आईवडील?

माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदरपणात सांधे सैल पडतात, होतं असं. पट्टा बांधा, सांगितलेले व्यायाम करा, फारच झालं तर तापाची साधी गोळी घ्या." मी पट्टा बांधला, व्यायाम केले. गोळीला मात्र हात लावला नाही. दोन वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, आणि का गेलं ते कोणालाच सांगता आलं नव्हतं. कारण सापडलं नाही म्हणून माणूस शांत होतो थोडाच! काय खाल्लं, काय उचललं, कोणत्या पायरीवर घाई केली, सगळं उगाळत बसतो. ह्या वेळी मला एकच हवं होतं, हे बाळ सुखरूप हातात यावं. त्यासाठी कंबर मोडली असती तरी चाललं असतं.

माझं सासर जूचंद्रचं, खाडीकाठचं शेतकरी घर. शेती आता नावापुरती उरलीय, पण सासूबाईंच्या अंगातून ती गेलेली नाही. मी विरारच्या मनवेलपाड्यातल्या चाळीत वाढले. त्यांना माझं बोलणं फटकळ वाटतं, मला त्यांचं. त्यामुळे आमचं छान जमतं. दोघी एकदम बोलायला लागलो की माझा नवरा चप्पल घालून बाहेर पडतो.

दिवा लावून झाला की रोज संध्याकाळी सासूबाई वाटीत खोबरेल कोमट करून आणायच्या आणि माझा पाय आपल्या मांडीवर घ्यायच्या. हे त्यांच्या माहेरचं. लावणीच्या दिवसांत बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या असायच्या. संध्याकाळी ओटीवर एका ओळीत बसायच्या आणि एकीचा पाय दुसरीच्या मांडीवर, दुसरीचा तिसरीच्या, असं सगळ्या एकमेकींचे पाय चेपायच्या. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या वर चार बोटं मोजायची आणि तिथे अंगठा रुतवायचा. "दिवसभराचा थकवा हितंच साचतो गो," त्या सांगायच्या. आधी मी ओरडायचे, मग तिथेच मला डुलकी लागायची. पहिल्या वेळी त्यांनी हे केलं होतं, ह्या वेळीही करत होत्या. अख्ख्या दिवसातली तेवढीच वेळ मला सुखाची वाटायची.

तर शाळेतल्या एका बाईंनी मला सांगितलं, स्टेशनजवळ अ‍ॅक्युपंक्चरवाल्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे आपल्या बहिणीची कंबर गरोदरपणातच बरी झाली. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जा की. फक्त माणूस नीट शिकलेला, नोंदणी असलेला हवा, सुया नव्या हव्यात, आणि तुमची फाईल दाखवल्याशिवाय हात लावू देऊ नका." मी खुशीत घरी आले आणि जेवायला बसल्यावर हे सांगून टाकलं.

"सुई?" सासूबाईंचा हात वाटीतच थांबला. "पोटुशीला सुई? डोकं ठिकानावर हाय काय तुझं?"

त्यांचं काय चुकलं म्हणा! पाचव्या महिन्यात ग्रहण लागलं तेव्हा ह्याच बाईंनी घरातल्या सगळ्या सुया, टाचण्या, विळी, सुऱ्या एका डब्यात भरून मागच्या पडवीत नेऊन ठेवल्या होत्या. माझ्या गाऊनची सेफ्टी पिनसुद्धा काढून घेतली. ग्रहण सुटेपर्यंत मी गाऊन मुठीत धरून सरळ पडून होते. पोटातल्या बाळाला घरातली सुई चालत नाही, तिथे मी पैसे देऊन अंगात टोचून घ्यायला निघाले होते. मी म्हटलं, "अहो आई, रक्त तपासायला टोचतात तेव्हा?" त्या म्हणाल्या, "ते डॉक्टर टोचतात." मी म्हटलं, "ही पण शिकलेलीच आहे." त्या म्हणाल्या, "मग मी येनार संगती." नवऱ्याने चप्पल घातली.

पहिल्या दिवशी त्या आत आल्याच नाहीत. बाहेरच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसल्या. आत बाईंनी सुया काढायच्या आधी माझी उलटतपासणीच घेतली. अंगावरून काही गेलंय का, वार खाली आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आधीचं बाळ कधी गेलं. फाईल पानन्‌पान वाचली. मग माझ्यासमोर बंद पाकीट फोडलं. केसासारख्या बारीक सुया होत्या, मेल्या दिसतसुद्धा नव्हत्या. मला कुशीवर निजवून त्यांनी कुल्ल्यावर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीला टोचल्या. "चक्कर आली, पोट कडक झालं, काहीही वाटलं तर लगेच सांगायचं," असं बजावलं. एका जागी छोटा निळा डाग पडला आणि उठताना जरा गरगरलं. बाकी काही नाही. त्या रात्री मी कोणालाही हाक न मारता कुशीवर वळले, आणि वळल्याच्या आनंदात नवऱ्याला उठवून ते सांगितलं. तो बिचारा घाबरून दिवा लावायला धावला.

सासूबाई कबूल करणाऱ्यातल्या नाहीत. पण पुढच्या खेपेला त्या बाकावर बसल्या नाहीत, माझ्या मागोमाग थेट आत आल्या. खुर्ची ओढून सुया बघत बसल्या. त्यांच्या तोंडावर भीती होती, पण तिच्यामागे कौतुकही होतं. मला वाटलं, चला, देव पावला.

सुया लावून झाल्या तशा त्या मोठ्या हुशारीने पुढे झाल्या. आपल्याकडचंही काही ज्ञान द्यावं असं त्यांना वाटलं असणार. माझ्या घोट्यावर चार बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, हितं पन एक लावा की. हितंच सगला थकवा साचतो. मी रोज दाबते हिला हितं."

बाई हसून म्हणाल्या, "आजी, जागा अगदी बरोबर ओळखलीत. पण ती आम्ही गरोदरपणात टाळतो. जुन्या ग्रंथांत आहे, तिथे टोचलं तर कळा सुरू होतात, बाळ पडतं."

सासूबाईंचा हात माझ्या पायावर होता तो त्यांनी चटका बसल्यासारखा काढून घेतला. मला दार उघडल्याचा आवाज आला. मी हाक मारली, "आई!" पण मी कुशीवर, पाठ दाराकडे, अंगात सुया. उठून मागे जाणार कशी?

मी विचारलं, "आणि दाबलं तर?" बाई म्हणाल्या, "अहो, मी पुरतं सांगायच्या आत त्या गेल्या. तेल लावून पाय चेपल्याने कोणाचं बाळ गेलं असं मी कधी ऐकलेलं नाही. सुईनेही जातं असं सिद्ध झालेलं नाही. गरज नसताना जोखीम कशाला, म्हणून आम्ही ती जागा सोडतो. एवढंच आहे ते." मी बाहेर आले तेव्हा सासूबाई रिक्षात जाऊन बसल्या होत्या. घर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. इतकी वर्षं मी त्या घरात आहे, असं कधी झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी तेलाची वाटी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवण वाढायच्या, रक्तवाढीचं औषध आठवणीने द्यायच्या, पण माझ्या पायांकडे बघायच्या नाहीत. मला वाटलं, सुयांचा राग धरलाय. आणि माझा पारा चढायला वेळ लागत नाही. एका दुपारी त्या ओटीवर तांदूळ निवडत होत्या, मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बोलायचं नसेल तर नका बोलू, पण असं तोंड फिरवून किती दिवस बसणार आहात?"

त्या सुपातच बघत म्हणाल्या, "तुझ्या पायाला मी हात नाय लावनार. पयला माझ्या अंगठ्यानं गेला गो."

म्हणजे इतके दिवस ही बाई हे पोटात घेऊन मला वाढत होती, माझी औषधं मोजत होती! खरं सांगते, क्षणभर मलाही ते पटलं. त्या संध्याकाळी, तो अंगठा, ती डुलकी. दोन वर्षं मी खापर फोडायला जे शोधत होते, ते हे माझ्यासमोर सूप घेऊन बसलं होतं. पण त्यांचा हात बघितला. तांदळात बोटं नुसतीच फिरत होती, खडा समोर असून सापडत नव्हता. मला रडू फुटलं. मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता आई! त्या बाईंनी सांगितलंय, असं होत नाही." त्या म्हणाल्या, "ती तुला बरं वाटावं म्हनून सांगते."

पुढच्या तपासणीला मी त्यांना ओढतच डॉक्टरीणबाईंसमोर नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि सासूबाईंचा हात हातात घेऊन सांगितलं, "तिसऱ्या महिन्यात जाणारी बहुतेक बाळं मुळातच नीट घडलेली नसतात. ती कोणाच्या हाताने जात नाहीत. तुमच्या तर नाहीच नाही." सासूबाईंनी मान डोलावली. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर लोकांना बरं बोलायला शिकवतात." मी कपाळावर हात मारला.

कंबर पूर्ण बरी झाली असं नाही, पण मी चालू-फिरू लागले, वर्गावर उभी राहू लागले. प्रत्येक खेपेला सासूबाई माझ्याबरोबर येत, माझी पिशवी धरून बाहेरच्या बाकावर बसत. आत यायच्या नाहीत. पोटात बाळ लाथा मारायचं, तेव्हा मी त्यांना हाक मारून हात ठेवायला सांगायचे. त्या लांबूनच बघायच्या आणि म्हणायच्या, "राहू दे, खेलू दे त्याला."

दिवस भरले आणि एका सकाळी चहा पितानाच कळा सुरू झाल्या. दवाखान्यात मला खाटेवर निजवलं. नर्स म्हणाली, अजून वेळ आहे, एक बाई जवळ थांबू शकते. नवरा बाहेर, सासूबाई आत. आत म्हणजे काय, कोपऱ्यात भिंतीला लागून, दोन्ही हात पदरात गुंडाळून उभ्या. कळ आली की मी ओरडायचे आणि त्या डोळे मिटायच्या. कमरेतून कळ उतरून पायापर्यंत यायची आणि पाय लाकडासारखे ताठ व्हायचे.

"आई, पाय दाबा माझे."

"नको गो."

"आता कळाच हव्यात आपल्याला! आता कसली भीती? डॉक्टर, सांगा हो ह्यांना."

डॉक्टरीणबाई तपासून हातमोजे काढत होत्या. म्हणाल्या, "दाबा की आजी. बाळाचं सगळं छान चाललंय." सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा हात चांगला नाय."

माझं डोकं सटकलं. कळ ओसरत होती, तेवढ्यात मी जमेल तेवढा आवाज काढून म्हटलं, "इकडे या, बसा इथे. पहिलं बाळ पोटात होतं तेव्हा मला ओकाऱ्यांनी नको नको झालं होतं. दिवसभरात मला बरं वाटायचं ते फक्त तुम्ही पाय दाबायचात तेव्हा. त्या बाळाला जेवढं सुख मिळालं ना आई, ते तुमच्याच हाताने मिळालं. आणखी कोणी दिलं त्याला?"

त्या आल्या. खाटेच्या कडेला बसल्या. मी पाय उचलून त्यांच्या मांडीवर टाकला. तेल नव्हतं, वाटी नव्हती. त्यांनी डोळे पुसले, पदराला हात पुसले, घोट्यावर एकेक करून चार बोटं ठेवली आणि अंगठा लावला. मला कळलंच नाही इतका हलका.

"जोरात," मी म्हटलं.

त्यांनी जोर लावला. मी ओरडले, पहिल्यासारखी.