समोर बसून प्यायची बिअर

बिअर फ्रीजरमध्ये कोंबून बर्फ करून पिणाऱ्या माणसाशी माझं जमत नाही. जीभ बधिर झाली की कसली चव आणि कसलं काय. त्यापेक्षा सरळ बर्फ चघळावा, स्वस्तात काम होतं. बिअरची बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून दुपारभर माठाशेजारी उभी ठेवावी. प्यायला काचेचा ग्लास घ्यावा, स्टीलचा नको, कारण रंग दिसला पाहिजे. ग्लास तिरका धरून हळू ओतावी आणि तळाचा गाळ बाटलीतच राहू द्यावा. अंघोळ झालेली असावी, पोटात थोडं काहीतरी असावं, आणि समोर कोणीतरी बसलेलं असावं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ते मला माझ्या बायकोनं शिकवलं, आणि तिनं आयुष्यात बिअरचा एक घोटही घेतलेला नाही.

मी महाडच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्यात होतो. आंबवण्याच्या खात्यात, लॅबमध्ये. मोठमोठ्या टाक्यांत काय शिजतंय, काय फसफसतंय, त्याचे नमुने काढायचे आणि तपासायचे. राहायला पोलादपूरला. माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, त्याच औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. गडी दिलदार, हसरा. त्यानंच मला हेरून बहिणीचं स्थळ आणलं होतं. आमची शिफ्ट एकाच वेळी सुटायची. मी गेटबाहेर पडलो की रस्त्यापलीकडून त्याची हाक यायची, "चला की पाव्हणं." मग आम्ही परमिट रूममध्ये. आधी क्वार्टर, मग आणखी एक. चवीसाठी कोण प्यायचं? नाक दाबून काढा घ्यावा तसं घशाखाली लोटायचं आणि बसला धावायचं.

त्याला कावीळ झाली तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, लिव्हर गेलंय. पावसाळा लागायच्या आत तो गेला. मागे बायको आणि आठ वर्षांचा मुलगा.

आणि मी काय केलं? त्याचं बारावं उरकून त्याच्या गावाहून, कुडपणहून, खाली उतरलो आणि त्याच संध्याकाळी त्याच टेबलावर जाऊन बसलो. दुःख झालं होतं म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. साफ खोटं. सवय झाली होती.

घरी आलो तर बायको उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर आमची सात महिन्यांची मुलगी. मला वाटलं आता रडेल, भांडेल. तसलं काही नाही. ती म्हणाली, "अवो, दादा गेला. आता तुमचा नंबर हाय, ह्ये मला दिसतंय. सोडा म्हनून नाय सुटायची तुमची. तर मग माझं ऐका. प्यायची तर सोताच्या हातानं करून प्यायची. घरात. माझ्यासमोर बसून. भायरची नाय."

मी हसलो. म्हटलं, घरात काय करणार मी, डोंबल? तिनं स्वयंपाकघराकडे बोट केलं. तिथं ओल्या फडक्यात मुलीच्या सत्त्वासाठी नाचणी मोड यायला बांधून ठेवली होती. "दिवसभर त्येच करता ना कारखान्यात," ती म्हणाली. "आंबवायचं."

मी त्या पुरचुंडीकडे बघतच राहिलो. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भाजायची, दळायची. आमच्याकडची प्रत्येक बाई तान्ह्या पोरासाठी हे करते. आणि परदेशात बिअरसाठी जवाचं नेमकं हेच करतात, हे मी कॉलेजात शिकलो होतो. इतकी वर्षं मी त्याच घरात जेवत होतो आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

हे कायद्यात बसत नव्हतं, ते मला माहीत होतं. पण घरच्यापुरतं, दोन-तीन बाटल्या, आणि आता वय झालंय म्हणून सांगून टाकतो.

पहिला घाणा भयानक झाला. कडवटपणासाठी मी मूठभर काडेचिराईत टाकलं होतं. एक घोट घेतला आणि दोन दिवस भाताचीही चव लागली नाही. बायको म्हणाली, "औषध झालंय, फेकू नका, म्हशीला कामाला यील." दुसरा आंबट गेला. तिसऱ्यापासून तिनं लक्ष घातलं. नाचणीचा मोड तिळाएवढा झाला की थांबवायचा, पुढे जाऊ द्यायचा नाही, हे थर्मामीटर सांगत नव्हतं, तिचं बोट सांगायचं. फडकं उघडून ती दाणे चिमटीत घ्यायची आणि म्हणायची, "आज वाळत घाला." मी मुकाट घालायचो.

एकदा मात्र मी हद्द केली. भिजवलेली नाचणी संपली होती, बरणी रिकामी, आणि अंगात नुसती तलफ. डब्यात मुलीच्या सत्त्वासाठी मोड काढून वाळवलेली नाचणी होती. ती सगळी मी पातेल्यात ओतली. दुसऱ्या दिवशी मुलीला तांदळाची पेज भरवताना बायको एवढंच बोलली, "पोरीच्या तोंडचं नाय घ्यायचं. दादानं बी असंच सुरू केलं होतं." मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो घाणा मी मोरीत ओतून दिला. त्या दिवसापासून नाचणी भिजवायचं काम मीच अंगावर घेतलं. आधी मुलीचा डबा भरायचा, उरली तर माझी बरणी.

यातली मेख मला फार उशिरा कळली. एक घाणा तयार व्हायला मोड येण्यापासून बूच लावण्यापर्यंत पंधरा-सोळा दिवस लागतात. म्हणजे महिन्यातून दोनदा, तेही दोन-तीन बाटल्या. रोजच्या दारूला तिनं असा महिन्याचा हिशेब लावून दिला होता आणि मी मात्र खूश, की बायकोनं परवानगी दिली. वाट बघता बघता माणूस सुधारतो म्हणतात, ते माझ्या बाबतीत झालं खरं. पहिली दोन वर्षं कठीण गेली. शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर पाय आपोआप रस्त्यापलीकडे वळायचे. दोनदा घसरलोही. दोन्ही वेळा तिनं जेवायला वाढलं आणि विचारलं, "बरणी कुठवर आली?"

हळूहळू हात बसला. मे महिन्यात करवंदं घातलेली लालसर बिअर माझी सगळ्यात लाडकी. तिला थोडा आंबटपणा असतो, आणि तिच्यासोबत भाजलेला जवळा, वर कच्चा कांदा. पावसात गूळ घालून केलेली काळसर, जड, ती वालाच्या उसळीबरोबर. गवती चहाचीही एकदा केली. ती जावयाला द्यावी अशी झाली, म्हणजे दिसायला छान, आत काही नाही. कापडे गावच्या एका शेतकऱ्याकडून जुना तांबडा तांदूळ मिळायचा. नाचणीबरोबर तो घातला की फेस दाट यायचा. त्या तांदळाचे, त्या डोंगरच्या नाचणीचे, त्या पाण्याचे माझ्यावर उपकार आहेत. हे मी तोंडदेखलं म्हणत नाही.

प्यायची पद्धत ठरलेली. सुट्टीच्या दिवशी दुपार कलली की पडवीत दोन पाट. एकावर मी, समोर ती, पुढ्यात सूप घेऊन, काहीतरी निवडत. मी ग्लास भरला की ती बोट बुडवायची आणि दोन थेंब जमिनीवर शिंपडायची. कुडपणला तिच्या माहेरी अशीच रीत. पिणाऱ्याच्या आधी गेलेल्या माणसांचा वाटा. शिंपडताना ती ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची. देवाचं नाव असेल, म्हणून मी कधी विचारलं नाही. पंधरा-सोळा वर्षं विचारलं नाही, यावरून मी किती शहाणा ते समजा.

मग मेव्हण्याचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला. पंचविशीतला देखणा गडी, हसला की अगदी बापच. आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, "आतोबा, इथं एके ठिकाणी ताजी बिअर तिथंच बनवून देतात. तुम्ही बघायलाच पाहिजे." आत्यालाही त्यानं ओढून आणलं. काचेआड तांब्याच्या टाक्या होत्या. मी त्यांच्यापुढे देवळात उभं राहावं तसा उभा राहिलो. गव्हाची बिअर मागवली. गढूळसर, केळ्यासारखा वास, आणि फार गारही नाही. मनापासून सांगतो, सुंदर होती. माझ्यापेक्षा चांगली, हे कबूल करायला मला अर्धा ग्लास लागला नाही.

पण प्यायच्या आधी बायकोनं माझ्या ग्लासात बोट बुडवलं. त्या चकचकीत फरशीवर दोन थेंब टाकले आणि नेहमीसारखं पुटपुटली. वेटर बघत राहिला.

भाच्यानं विचारलं, "आत्या, काय म्हणालीस गं?"

ती लाजली. पदरानं बोट पुसलं. "काय नाय रे. तुझ्या बापाशी बोलते. दरवेळी येकच सांगते त्येला. दादा, यांना हाक मारू नको. यांची जागा हितं हाय, माझ्यासमोर."

भाचा खाली बघू लागला. मी ग्लास खाली ठेवला. त्या बाकावर ती माझ्या शेजारी बसली होती. मी उठलो, टेबलाला वळसा घातला आणि तिच्या समोर जाऊन बसलो.