मेलेली म्हणून नेलेली हार्डडिस्क

आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं मला फसवलं. चांगली हार्डडिस्क मेली म्हणून सांगितलं आणि माझ्याच हातून काढून नेली.

उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे. हेल्पर म्हणून लागलो, मालक झालो. उसाच्या रसाचे घाणे बनवतो. प्रत्येक गिअरचं ड्रॉइंग एका जुन्या कॉम्प्युटरवर, कारण ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. शिरोळच्या एका रसवंतीवाल्याच्या घाण्याचे गिअर फुटले, मोजायला एक दात उरला नाही, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर म्हणायला लागला, डिस्क सापडत नाही.

दुरुस्तीवाल्यानं कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला. "गेली मालक. नवी टाकाय लागंल."

घासाघीस केल्याशिवाय मी भाजीसुद्धा घेत नाही. म्हटलं, "जुनी घेऊन जा आणि नवीत कमी कर."

"मेलेली घिऊन मी काय करू?"

"आतलं चुंबक काढून विक."

बरंच वाजलं. शेवटी त्यानं घेतली, आणि मी खूश. नवी जोडली तर कॉम्प्युटरला तीही दिसेना. "जेवून येतो," म्हणाला आणि जुनी खिशात टाकून जो गेला तो गेलाच.

मोटर फिरते पण घाणा फिरत नाही, अशी तक्रार आली की मी आधी मधला पट्टा बघतो. या जुन्या कॉम्प्युटरात डिस्क आणि बाकीच्या मशीनच्या मध्ये एक वेगळं कार्ड असतं, त्याला कंट्रोलर म्हणतात. डिस्कवरचं पुढं पोचवायचं काम त्याचं. दोन दिवस वाट बघून मीच ते उपसलं. सोनेरी पट्ट्या काळ्या पडलेल्या. खोडरबरानं घासल्या, कार्ड शेजारच्या खाचेत दाबून बसवलं. डिस्क हजर. नवी, कोरी.

मी मांडीवर थाप मारली आणि हात तिथंच राहिला. म्हणजे जुनीही चांगलीच होती.

फोन केला. "डिस्क परत आण."

"जोतिबाला गुलाल-खोबऱ्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरात बसवली की. झकास चालत्या."

"मेलेली चालती व्हय रे?"

"तुमच्या मशीनात मेलती, मालक."

"आणि माझी ड्रॉइंगं?"

"पुसली. त्येनला गिअर कशाला लागत्यात? आणि मी नको म्हणत हुतो, तुम्हीच गळ्यात मारलीसा."

मी गळ्यात मारली ती मेलेली डिस्क. जिवंत डिस्कचा सौदा झालाच नव्हता. शिरोळवाला शेवटी दुसऱ्याकडे गेला. माझ्या घाण्यात आता दुसऱ्याचे गिअर फिरतात. दुसऱ्या मशीनला एकदाही लावून न बघता ती डिस्क मेली हे त्याला कसं कळलं, ते त्यानं माझ्या वर्कशॉपात येऊन, माझ्यासमोर बसून सांगावं.